चष्म्याचा नंबर आणि तो मोजायची रीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात चष्म्याच्या दुकानात माझा निम्मा दिवस लेन्सोमीटरला, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्राला, डोळा लावून जातो आणि उरलेला मोबाईलवर आलेले फोटो पाहण्यात. कुणी डॉक्टरांचा कागद पाठवतं, कुणी मशीनची पावती, कुणी काडी तुटलेला चष्मा. खाली एकच ओळ असते, “भाऊ, याचा नंबर सांगा.” चाळीसगावपासून अक्कलकुव्यापर्यंतची माणसं जे पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलंय. डोळा तपासणं हे नेत्रतज्ज्ञांचं आणि ऑप्टोमेट्रिस्टचं काम आहे. पण पैसे मोजून घेतलेल्या काचेत कागदावरचाच नंबर उतरलाय का, हे पाहायचा हक्क तुमचा आहे, आणि त्याला दोन मिनिटं पुरतात.

१. “दोन नंबर” म्हणजे दोन काय?

दोन डायॉप्टर. काच प्रकाशाचे किरण किती जोरात वळवते याचं हे माप. +१.०० ची काच लांबून आलेले किरण १ मीटरवर एकत्र आणते, +२.०० ची अर्ध्या मीटरवर, +४.०० ची पाव मीटरवर. म्हणजे नंबर दुप्पट झाला की अंतर निम्मं होतं. हिशेब करायचा तर १०० ला सेंटीमीटरमधल्या अंतराने भागा, नंबर मिळतो. हे एकक १८७२ मध्ये फर्दिनां मोनोये या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने सुचवलं.

नंबर पावपावने चढतो: ०.२५, ०.५०, ०.७५. म्हणून आपण सव्वा, दीड, पावणेदोन म्हणतो. कागदावर टिंब पुसट असेल तर १५० म्हणजे दीडच समजा, दीडशे नंबरचा चष्मा नसतो.

२. मायनस लांबचा आणि प्लस जवळचा, असंच ना?

बऱ्याचदा, पण नेहमी नाही. मायनसची काच अंतर्गोल, कडेला जाड आणि मध्ये पातळ. लांबचं धूसर दिसणाऱ्याला ती लागते. प्लसची बहिर्गोल, मध्ये फुगीर. चाळिशीत वाचायला प्लस लागतो, पण लहानपणापासून प्लस असलेल्याला तो लांबच्यासाठीही लागू शकतो.

घोळ शब्दांचा आहे. शाळेच्या पुस्तकात “दूरदृष्टिता” म्हणजे ज्याला जवळचं नीट दिसत नाही तो दोष, आणि घरी “लांबचा चष्मा” म्हणजे लांबचं पाहायला घालायचा चष्मा. दोन्ही बरोबर, अर्थ उलटे. म्हणून फोनवर मी कधी “लांबचा की जवळचा” असं विचारत नाही, चिन्ह विचारतो. चिन्ह लिहिलेलं नसेल तर काच तयार करू नये, असं माझं ठाम मत आहे.

३. डॉक्टरांनी ६/९ लिहिलंय, म्हणजे नंबर किती?

६/९ हा नंबर नाही, ती नजर आहे. निरोगी डोळ्याला जी ओळ ९ मीटरवरून वाचता येते ती तुम्हाला ६ मीटरवरून वाचता आली, एवढाच त्याचा अर्थ. अक्षरांचा हा तक्ता हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये आणला. -५.०० चा चष्मा लावून माणूस ६/६ वाचतो, आणि नंबर शून्य असलेल्याला पडद्याच्या आजाराने ६/६० च दिसू शकतं. नजरेवरून नंबर ओळखू नका आणि नंबरावरून नजर.

४. कागदावर एकाच डोळ्यापुढे तीन आकडे आहेत. कोणता खरा?

तिन्ही मिळून एकच नंबर होतो. पहिला रकाना स्फेरिकल, म्हणजे सगळीकडे सारखी शक्ती. दुसरा सिलिंड्रिकल, म्हणजे एकाच दिशेला लागणारी जादा शक्ती. बुबुळाचा पुढचा पारदर्शक भाग गोल चेंडूसारखा नसून एका बाजूने जरा दाबलेला असला की ती लागते. तिसरा ॲक्सिस, १ ते १८० अंश. तो शक्ती नाही, सिलिंड्रिकल कोणत्या दिशेला बसवायचं ते सांगतो. त्यामुळे “माझा नंबर १७० झाला” म्हणून घाबरलेल्या ताईंना मी आधी पाणी देतो, मग रकाना दाखवतो. अक्ष १० वरून १७० झाला तर फरक २० अंशांचाच आहे, कारण १८० नंतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

उजव्या डोळ्यासाठी आरई किंवा ओडी, डाव्यासाठी एलई किंवा ओएस लिहितात.

५. एका ठिकाणी -१.०० / -०.५० × १८० लिहून दिलं, दुसरीकडे -१.५० / +०.५० × ९०. कुणी फसवलं?

कुणीच नाही. दोन्ही कागदांवर एकच काच आहे, लिहायच्या रीती दोन आहेत: एक मायनस सिलिंडरची, एक प्लस सिलिंडरची.

ताळा घरी करता येतो. पहिले दोन आकडे चिन्हासकट बेरीज करा, ते नवं स्फेरिकल: -१.०० आणि -०.५० मिळून -१.५०. सिलिंडरचा आकडा तोच ठेवून चिन्ह फिरवा: +०.५०. अक्ष ९० पर्यंत असेल तर त्यात ९० मिळवा, त्याहून जास्त असेल तर ९० वजा करा: १८० चा झाला ९०. दुसरा कागद तंतोतंत जुळला.

चिन्ह पुसट दिसलं किंवा अक्ष न फिरवताच उतरवून घेतला, की मात्र सगळं बिघडतं. मूळ कागद जसा आहे तसाच दुकानात द्या, स्वतःच्या अक्षरात नक्कल करून देऊ नका.

६. खाली “ॲड +२.००” आहे. मग वाचायचा चष्मा +२.०० चाच का?

लांबचा नंबर शून्य असेल तरच. ॲड म्हणजे लांबच्या नंबरात मिळवायची शक्ती. लांबचा +०.५० असेल तर जवळचा +२.५०. लांबचा -२.०० असेल तर बेरीज शून्य, म्हणूनच असा माणूस पेपर वाचताना चष्मा काढून ठेवतो आणि घरच्यांना वाटतं यांना चाळिशी लागलीच नाही.

ॲड कामाच्या अंतरावर ठरते, निव्वळ वयावर नाही. सराफ बाजारातला कारागीर २५ सेंटीमीटरवर डाग देतो, शिंपी ४० वर टाके पाहतो, काउंटरवरच्या माणसाला स्क्रीन ६० वर लागते. तिघांचं वय ५२ असलं तरी एकच काच तिघांना सोयीची नाही. तपासणीला जाताना कामाचं अंतर टेपने मोजून न्या, शक्य असेल तर कामाची वस्तूही सोबत न्या.

७. कागद हरवला. जुन्या चष्म्यावरून नंबर निघतो का?

निघतो. त्यासाठीच लेन्सोमीटर असतो. पण निघतो तो चष्म्याचा नंबर. डोळ्याचा आजचा नंबर तोच असेल असं नाही.

हातावरचं मशीन असं चालतं. आधी काच न लावता आयपीस फिरवून आतल्या रेघा स्वच्छ करायच्या आणि चक्र शून्यावर आणलं की खूण स्पष्ट दिसते का ते बघायचं. ही पायरी गाळली तर दिवसभराचे सगळे नंबर पाव-अर्ध्याने चुकतात. मग चष्मा असा ठेवायचा की काचेची डोळ्याकडची बाजू मशीनच्या तोंडाला टेकेल आणि काड्या माझ्यापासून लांब राहतील. चष्म्याचा नंबर मागच्या पृष्ठभागापासून मोजायचा ठरलेला आहे. जाड प्लस काच उलटी ठेवली तर आकडा वेगळा येतो.

आत हिरव्या ठिपक्यांचं कडं दिसतं. चक्र फिरवताना ठिपके एकाच जागी स्वच्छ झाले तर काच नुसती स्फेरिकल. ठिपके ताणून रेघा झाल्या तर सिलिंडर आहे. मग रेघा एका दिशेला स्वच्छ होतात तो आकडा आणि आडव्या दिशेला स्वच्छ होतात तो आकडा, दोन्ही लिहायचे. त्यांतला फरक म्हणजे सिलिंडर. ठिपक्यांचं कडं मध्यावर येईपर्यंत काच सरकवून शाईची खूण केली की काचेचा मध्यबिंदू मिळतो. ही खूण पुढे प्रश्न १३ मध्ये लागेल.

काच फार ओरखडलेली असेल तर ऑटो मशीन आकडा देतं, पण तो दरवेळी बदलतो. अशा वेळी मी हातावरच्या मशीनवरच विश्वास ठेवतो.

८. आमच्या गावात मशीन नाही. घरी अंदाज घेता येईल?

येईल, आणि शाळेतल्या मुलांना सोबत घेऊन करण्यासारखा प्रयोग आहे.

आधी चिन्ह ओळखा. चष्मा हातभर लांब धरून त्यातून खिडकीचा उभा गज बघा आणि चष्मा हळू डावीउजवीकडे हलवा. गज चष्म्याच्याच दिशेने सरकला तर मायनस, उलट पळाला तर प्लस. आता चष्मा न हलवता चक्रासारखा फिरवा. काचेतला गज बाहेरच्या गजापासून कात्रीसारखा तिरका झाला तर सिलिंडर आहे.

प्लस काचेची शक्ती मोजायला अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर बाहेरच्या लांबच्या झाडाचं उलटं चित्र पाडा. चित्र सर्वांत स्वच्छ असताना काच आणि भिंत यांतलं अंतर मोजा, १०० ला त्याने भागा. ५० सेंटीमीटर म्हणजे +२.००. +२.०० च्या आसपास ५ सेंटीमीटर चुकलात तर पाव नंबर चुकतो. +८.०० च्या काचेत मात्र एका सेंटीमीटरने अर्ध्याहून जास्त नंबर हलतो, तिथे ही रीत वापरू नका. सूर्याचा ठिपका कागदावर पाडून मोजायचा मोह टाळा. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन जोरदार काचेतून कागद पेटवतं, आणि त्या ठिपक्याकडे मुलं टक लावून बघतात.

मायनस काच एकटी चित्र पाडत नाही. तिला माहीत असलेल्या +३.०० च्या वाचायच्या चष्म्याला चिकटवून धरा. चित्र ५० सेंटीमीटरवर पडलं तर जोडीची शक्ती +२.००, म्हणजे तुमची काच -१.००. दुकानात ट्रायल सेटमधल्या काचा वापरून आम्ही हेच नेमकेपणाने करतो. उलट शक्तीची काच लावत गेलो की एका जोडीला गज हलायचाच थांबतो.

९. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला तयार चष्मा वापरला तर डोळे बिघडतात का?

बिघडत नाहीत. तो +१.५० किंवा +२.०० चा साधा बहिर्गोल काचांचा चष्मा असतो. दोन्ही डोळ्यांना सारखा प्लस लागणारा आणि सिलिंडर नसलेला माणूस तो तासभर पोथी वाचायला बिनधास्त वापरू शकतो. अडचण दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असलेल्यांची आहे, आणि काचांचे मध्यबिंदू सगळ्यांसाठी एकाच अंतरावर असतात, तेही खटकतं. खरं नुकसान त्याहून वेगळं आहे. तयार चष्म्याने काम भागलं की माणूस दहा वर्षं डॉक्टरकडे जात नाही, आणि काचबिंदू न दुखता नजर खात राहतो.

१०. मुलीला कॉम्प्युटरने -१.५० दाखवलं. तोच चष्मा करून टाकू?

नको. ऑटो रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याचा नंबर पटकन सांगतं, पण मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं. मशीनमधल्या चित्राकडे बघताना मूल नकळत जोर लावतं आणि नसलेला मायनस दिसतो किंवा असलेला प्लस लपतो. म्हणून डॉक्टर थेंब टाकून भिंगाचे स्नायू सैल करतात आणि मग तपासतात. थेंबांमुळे जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो. औषधाप्रमाणे ते एखादा दिवस टिकतं, ॲट्रोपीनचं आठवडाभर किंवा जास्त. परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक निघाला तर चष्मा लगेच करा. जास्त नंबरचा डोळा मेंदू वापरणं सोडून देतो, आणि हा आळशी डोळा लहानपणीच सहज सुधारतो.

११. भुसावळहून: रेल्वेच्या मेडिकलमधली “फॉगिंग टेस्ट” काय असते? मला ६/६ दिसतं तरी भीती वाटते.

लोको पायलटच्या ए-वन वर्गाला चष्म्याविना दोन्ही डोळ्यांनी ६/६ लागतं, आणि +२.०० ची काच लावल्यावर ती ओळ धूसर व्हावी लागते. लपलेला प्लस नंबर असलेला तरुण डोळ्यावर जोर देऊन ६/६ वाचतो. त्याला +२.०० लावली की जोराचं काम काच करते आणि त्याला तरीही स्पष्ट दिसत राहतं, तिथे तो सापडतो. म्हणून त्या काचेतून धूसर दिसलं तर घाबरू नका, तेच अपेक्षित आहे. अर्ज भरण्याआधी थेंब टाकून तपासून घ्या, म्हणजे वर्षभराचा अभ्यास आंधळेपणाने होणार नाही.

१२. पातळ काच घेतली की नंबर कमी होतो?

नाही, जाडी कमी होते. साध्या प्लास्टिक काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काचेचं साहित्य किरण किती वळवतं तो अंक, सुमारे १.५०, मग १.५६, १.६०, १.६७, १.७४ असा चढतो. अंक जास्त तशी काच कमी वळणात तेवढीच शक्ती देते. -२.०० ला १.७४ साठी पैसे घालू नका, -७.०० ला घालण्यात अर्थ आहे.

काही दुकानांत तीन टोकांचं लेन्स-घड्याळ काचेवर टेकवून वळण मोजतात. ते १.५३ अपवर्तनांक धरून बनवलेलं असतं. १.६७ च्या काचेवर ते ४.०० दाखवत असेल तर खरं सुमारे ५.०० असतं. त्यावरून कुणी नंबर सांगितला तर लेन्सोमीटरवर दाखवा म्हणा.

१३. मशीनवर नंबर बरोबर, तरी डोकं दुखतं आणि जमीन वर आल्यासारखी वाटते. का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण यात गिऱ्हाईक नेहमी खरं बोलत असतं आणि त्याला “सवय होईल” म्हणून परत पाठवलं जातं. मीही कामाला लागलो त्या वर्षी पाचोऱ्याच्या एका काकूंना तेच सांगून परत पाठवलं होतं. तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा मध्यबिंदूवर शाई लावून बघितलं, एक काच ४ मिलिमीटर खाली बसली होती. तेव्हापासून तक्रार आली की मी आधी शाई घेतो.

काच मध्यबिंदूतून पाहिल्यावरच नुसती काच असते. बाजूने पाहिलं की ती प्रिझम होते, म्हणजे दिसणारं चित्र एका बाजूला सरकवते. किती, ते सेंटीमीटरमधलं अंतर गुणिले नंबर. -६.०० ची काच ३ मिलिमीटर सरकली तर ०.३ गुणिले ६, म्हणजे १.८ प्रिझम. -१.०० ला तेवढंच सरकणं कळतही नाही. आडवी चूक डोळे थोडीफार सावरून घेतात, एक काच वर आणि एक खाली असली तर सावरता येत नाही. म्हणून दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, मोजून घेतल्याशिवाय मोठ्या नंबरची ऑर्डर देऊ नका.

दुसरं कारण अक्ष. अक्ष १० अंश फिरला तर सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश फायदा वाया जातो, ३० अंश फिरला तर सिलिंडर असून नसल्यासारखं. गोल फ्रेममध्ये स्क्रू सैल झाला की काच जागच्या जागी फिरते, बाहेरून काही दिसत नाही. मोटारसायकलवर रोज खडखडत जाणाऱ्यांनी गोल फ्रेम घेतली तर दर महिन्याला स्क्रू बघा.

१४. उन्हात गाडीत चष्मा राहिला. नंबर बदलला का?

नंबर सहसा नाही बदलत, पण काचेवरचा थर जातो. काच आणि थर उष्णतेत सारखे फुगत नाहीत, त्यामुळे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि रात्री समोरच्या दिव्याभोवती धुरकट वलय दिसतं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर एक दुपार पुरते. गरम झालेली फ्रेम वाकते ते वेगळं, त्याचा परिणाम प्रश्न १३ मध्ये सांगितलाय.

१५. चष्मा -१०.०० चा आणि कॉन्टॅक्ट लेन्स -९.०० ची दिली. चूक ना?

बरोबर आहे. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो, लेन्स डोळ्यावरच बसते. हे अंतर मिटलं की -१०.०० चं काम -८.९३ करते, आणि जवळचा मिळणारा नंबर -९.००. प्लसमध्ये उलट: चष्म्यात +१०.०० असेल तर डोळ्यावर +११.३६ लागते. ४.०० च्या आत फरक नगण्य.

आबा पेपर वाचताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढतात त्याचं कारणही हेच. प्लस काच डोळ्यापासून लांब गेली की तिचा परिणाम वाढतो. ते तसं सारखं करत असतील तर ॲड वाढवायची वेळ आलीय.

१६. प्रोग्रेसिव्हचा नंबर दुकानदाराने मोजला, कागदाशी जुळत नाही.

कुठे मोजला ते विचारा. या काचेत शक्ती वरून खाली बदलत जाते. ट्यूबलाइटसमोर तिरकी धरलीत तर ३४ मिलिमीटर अंतरावर दोन फिकट कोरलेल्या खुणा दिसतील, आणि कानाकडच्या खुणेखाली ॲडचा आकडा. लांबचा नंबर या खुणांच्या रेषेच्या वर, ठरलेल्या वर्तुळातच मोजायचा. खुणांच्या मध्यावर दोन्ही काचांत सारखंच उभं प्रिझम दिसलं तर ते काच पातळ करण्यासाठी मुद्दाम दिलेलं असतं, दोष नाही.

अपवाद एक आहे. डिजिटल पद्धतीने घासलेल्या काचांच्या पाकिटावर कधी दोन नंबर छापतात, एक मागवलेला आणि एक मशीनवर दिसायला हवा तो. फ्रेमचा कल धरून काच आखलेली असते म्हणून हा फरक. पाकीट फेकू नका.

१७. बाबा आता बिनचष्म्याचं वाचतात, म्हणे डोळे सुधारले. आईचा नंबर मात्र महिन्यात दोनदा बदलला. “मना नंबर वाढी गया” म्हणून ती घाबरलीय.

दोघांनाही डॉक्टरकडे न्या, आणि तोवर नवी काच करू नका. साठीनंतर अचानक वाचता यायला लागणं हे बहुतेक वेळा मोतीबिंदू पिकत असल्याचं लक्षण. भिंगाचा गाभा घट्ट होतो, डोळा मायनसकडे झुकतो, जवळचं दिसतं आणि लांबचं जातं. ऑपरेशननंतरही जखम स्थिर व्हायला साधारण महिना ते दीड महिना द्यावा लागतो, मग शेवटचा नंबर काढतात.

आईची साखर तपासा. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बहुधा मायनसकडे सरकतो. औषध सुरू होऊन साखर झपाट्याने उतरली की तो प्लसकडे जातो. या हेलकाव्यात काढलेला नंबर त्या दिवशी अचूक असतो आणि पुढच्या महिन्यात निरुपयोगी. साखर काही आठवडे एका पातळीवर राहू द्या, आणि तपासणीला जाताना शुगरचा ताजा रिपोर्ट व जुना चष्मा दोन्ही सोबत न्या.